स्क्रीनवर काय वाचावं, कागदावर काय: सीमाभागातल्या घरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जमिनीचा उतारा आता बहुतेक वेळा आधी मोबाइलवरच दिसतो. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, आपण दोन बोटांनी तो मोठा करतो, ९ व्या रकान्यात नाव दिसलं की 'बरोबर आहे' म्हणून मोकळे होतो. त्याच वेळी ११ वा रकाना स्क्रीनबाहेर गेलेला असतो, आणि बोजा, कर्ज, इतर हक्क यांची नोंद असते तिथेच. तो बघायला बोट सरकवलं की नाव निघून जातं. तीन भाऊ मालक असतील तर कुठली नोंद कुणाच्या हिश्श्याची, हे डोक्यात धरून ठेवावं लागतं आणि तिथेच घोळ होतो. क्षेत्राच्या जागी ३.२०.०० असं असतं. घाईत ते 'तीन पूर्णांक वीस' असं वाचलं जातं. खरं तर ते ३ एकर २० गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे जमीन साडेतीन एकर आहे. तोच उतारा कागदावर काढून समोर ठेवा. नाव, क्षेत्र आणि बोजा एकाच नजरेत येतात, पट्टी ठेवून ओळ धरता येते, शंका आली तिथे पेन्सिलीने खूण करता येते.

म्हणून पहिला नियम असा: ज्या मजकुराचं पुढे उत्तर द्यावं लागणार आहे, तो कागदावर वाचा. सही करायची आहे, परीक्षा द्यायची आहे, हप्ता ठरवायचा आहे, औषधाचं प्रमाण बघायचं आहे, तर कागद. बातमी, कथा, पत्ता, वेळापत्रक, कुणाचा निरोप यांना स्क्रीन पुरते. पण रोज सगळं छापून घेणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे स्क्रीनवर नीट कसं वाचावं, हेही शिकून घ्यावं लागतं.

फरक नेमका कुठे पडतो

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांत भाग घेतलेल्यांची संख्या १ लाख ७० हजारांच्या वर जाते. निष्कर्ष असा निघाला की माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजतो, वेळेचं बंधन असेल तर फरक वाढतो, आणि कथा-गोष्टींच्या बाबतीत मात्र फरक दिसत नाही. लोकांना स्क्रीनची सवय होत गेली तसा हा फरक कमी व्हायला हवा होता. पण त्या वर्षांत तो उलट वाढत गेल्याचं दिसलं. 'आताच्या मुलांना सवय आहे, त्यांना चालतं' असं जे आपण सर्रास म्हणतो, त्याला आधार नाही. त्याआधी २०१३ मध्ये नॉर्वेत दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांना तेच उतारे कुणाला कागदावर, कुणाला संगणकावर पीडीएफमध्ये वाचायला दिले होते. तिथेही कागदवाल्यांना जास्त कळलं.

याची कारणं तीन. पहिलं कारण जागेचं. कागदावर आपण 'ते डाव्या पानावर, खालच्या बाजूला होतं' असं लक्षात ठेवतो. हाताखालच्या पानांची जाडीही सांगत असते की पुस्तक किती झालं, किती राहिलं. स्क्रीनवर मजकूर वर सरकत राहतो, त्यामुळे वाक्याला ठरलेली जागाच उरत नाही. दुसरं कारण सवयीचं. मोबाइलवर दिवसभर आपण निरोप, भाव, छोट्या बातम्या चाळतो. हात आणि डोळे त्याच वेगाला सरावलेले असतात आणि धडा उघडला तरी तोच वेग चालू राहतो. तिसरं कारण सगळ्यात घातक आहे: 'कळलं' असं वाटणं. २०११ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी दाखवलं की किती वेळ वाचायचं हे वाचणाऱ्यावर सोडलं, तर स्क्रीनवर वाचणारे लवकर थांबतात, गुण जास्त पडतील असा अंदाज करतात आणि पडतात कमी. वेळ ठरवून दिला तेव्हा मात्र दोघांचे गुण सारखेच आले. (वरच्या आढाव्यात वेळेच्या बंधनाने फरक वाढलेला दिसला, म्हणून इथे घड्याळ घाई करण्यासाठी नाही, लवकर उठू नये म्हणून.) याचा उपयोग करून घेता येतो: स्क्रीनवर वाचताना कधी थांबायचं हे मनाला विचारू नका, घड्याळाला विचारा.

ई-इंक वाचनयंत्र, म्हणजे किंडलसारखं, डोळ्यांवरची चमक टाळतं आणि मजकूर सरकवण्याऐवजी पान उलटतं. तेवढा फायदा खरा आहे. पण पानांची जाडी हाताला लागत नाही, ती उणीव राहतेच. २०१९ च्या एका अभ्यासात एकच रहस्यकथा काहींनी किंडलवर, काहींनी कागदावर वाचली. कथा दोघांनाही कळली, पण प्रसंग कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर घडले हे लावताना किंडलवाले मागे पडले. इतिहासाचा धडा किंवा एखाद्या दाव्याचा घटनाक्रम वाचताना हे ध्यानात ठेवावं.

घरी करून बघायची चाचणी

आपल्या मुलाला किंवा स्वतःला किती फरक पडतो, हे अंदाजाने ठरवू नये. एकाच पुस्तकातले साधारण सारख्या लांबीचे, ८०० ते १००० शब्दांचे, न वाचलेले दोन धडे घ्या. समाजविज्ञान किंवा विज्ञान बरं, गोष्ट नको. एक कागदावर आणि एक मोबाइलवर, वेगवेगळ्या दिवशी पण त्याच वेळेला वाचायला द्या. वेळेचं बंधन घालू नका, किती मिनिटं लागली एवढं लिहून ठेवा. वाचून झाल्यावर प्रश्न दाखवण्याआधी विचारा, 'दहापैकी किती येतील?' आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. मग दुसऱ्या माणसाने काढलेले दहा प्रश्न द्या: पाच तपशिलाचे, तीन क्रमाचे, दोन 'का' विचारणारे.

एकदा करून भागत नाही. पुढच्या वेळी क्रम उलटा करा, म्हणजे आधी मोबाइल आणि नंतर कागद. दोन्हींच्या किमान दोन-दोन फेऱ्या व्हायला हव्यात. गुणांपेक्षा अंदाज आणि गुण यांतली तफावत बघा. मोबाइलवर 'आठ येतील' म्हणून पाच आले आणि कागदावर 'सात' म्हणून सात आले, तर त्या मुलाचा अभ्यास कागदावर व्हायला हवा, हे कुणी वेगळं सांगायला नको. तफावत दोन्हीकडे सारखीच असेल तर दोष स्क्रीनचा नाही. तिथे एकूण वाचनच कच्चं आहे आणि त्यावर वेगळी मेहनत घ्यावी लागेल.

देवनागरी आणि कन्नड अक्षरांसाठी मांडणी

इंग्रजीसाठी ठरलेली अक्षरांची मापं आपल्या लिप्यांना अपुरी पडतात. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार असतो. खाली उकार आणि ऋकार असतात, आणि रकाराची तिरकी रेघही तळाशीच असते. अक्षर बारीक झालं की आधी हेच जातं. 'मंद' आणि 'मद', 'प्रत' आणि 'पत', 'क्रम' आणि 'कम' यांत एक ठिपका नाहीतर एक रेघ एवढाच फरक आहे. डोळा ती जागा अंदाजाने भरतो. गोष्टीत हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, करारपत्रात तो महागात पडतो.

कन्नडमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो, आणि आपल्याकडे बहुतेक सरकारी कागद कन्नडमधूनच येतात. कन्नड जोडाक्षरातला दुसरा वर्ण ओळीच्या खाली लटकतो, त्याला ओत्तक्षर म्हणतात. दोन ओळींत जागा कमी असली की हे ओत्तक्षर खालच्या ओळीच्या डोक्याला टेकतं. 'द' आणि 'ध' यांत खालच्या बाजूची एक बारीक चीर, 'व' आणि 'म' यांत शेवटचं एक वळण, एवढाच फरक असतो. ज्याने कन्नड दुसरी भाषा म्हणून शिकली आहे, त्याची नजर शब्दाच्या एकूण आकारावरून शब्द ओळखण्याइतकी मुरलेली नसते. तो एकेक अक्षर लावत वाचतो, म्हणून त्याला मोठा ठसा आणि मोकळ्या ओळी जास्त लागतात. घरात कन्नड वाचणारं एकच माणूस असेल तर त्याच्यासाठी तरी कागद काढून द्यावा.

मोबाइलवर अक्षर इतकं ठेवा की एका ओळीत सहा-सात शब्द बसतील. दहा-बारा बसत असतील तर ते बारीक आहे, तीनच बसत असतील तर दर वेळी ओळ शोधावी लागते. वाचनाच्या अ‍ॅपमध्ये ओळींमधलं अंतर बदलता येत असेल तर मराठीसाठी दीडपट आणि कन्नडसाठी त्याहून थोडं जास्त ठेवा. फाँट निवडता येत असेल तर 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' असा रुंद पोटाचा घ्या. सजावटीचे फाँट जाहिरातीला ठीक.

उजेडासाठी एक सोपी कसोटी आहे. मोबाइलशेजारी कोरा पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली दिसली तर उजेड कमी करा, मळकट दिसली तर वाढवा. खोलीत उजेड असताना पांढऱ्यावर काळी अक्षरंच जास्त रेखीव दिसतात. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं अंधारात डोळ्यांना बरी वाटतात, पण चष्म्याचा नंबर तिरपा (सिलिंडरचा) असलेल्यांना ती पसरट दिसतात आणि अनुस्वार शेजारच्या मात्रेत मिसळतो.

पीडीएफ: सगळ्यात जास्त त्रास इथेच

पीडीएफ म्हणजे छापायच्या पानाचं चित्र. अक्षर मोठं केलं तरी ओळी पुन्हा जुळत नाहीत, पानच मोठं होतं आणि प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकावं लागतं. ए-४ मापाचं पान सहा इंची पडद्यावर उभं वाचणं हा डोळ्यांवर अन्याय आहे. मोबाइल आडवा करा, समास कापून टाकायची सोय असेल तर ती वापरा आणि 'सतत सरकणारं' ऐवजी 'एकेक पान' अशी मांडणी निवडा. पान जागच्या जागी राहिलं की वाक्याला जागा मिळते.

जुन्या मराठी पीडीएफमध्ये आणखी एक अडचण असते. मजकूर दिसतो नीट, पण शब्द शोधला तर सापडत नाही, आणि उचलून दुसरीकडे चिकटवला तर भलतीच चिन्हं उमटतात. कारण ती फाइल युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये बनवलेली असते. कन्नडमध्ये नुडी या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलींचंही असंच होतं. अशी फाइल मोबाइलवर वाचत बसू नका. गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, म्हणजे अक्षरं ओळखून मजकूर वेगळा मिळतो. मोठी फाइल असेल तर तुकडे करून चढवा. नंतर मूळ पानाशी ताडून बघणं भाग आहे: घ आणि ध, म आणि भ, थ आणि य, १ आणि ९ यांत गल्लत होते. आकडे तर एकेक करून तपासा.

कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. जूनमध्ये पुस्तक हातात यायला उशीर झाला तर ती कामाला येतात. पण संपूर्ण पुस्तक मोबाइलवर उघडून 'अभ्यास कर' म्हणून मुलाच्या हातात देऊ नका. चालू धडा तेवढा छापा.

छापताना

झेरॉक्सच्या दुकानात पैसे वाचवायला एका कागदावर दोन पानं काढून घेतात. त्यात अक्षर मूळच्या साधारण ७१ टक्के होतं. १२ पॉइंटचं ८.५ वर येतं, आणि त्या मापाला टोनर जरा फिका असला तरी अनुस्वार आणि उकार तुटतात. पैसे वाचवायचे असतील तर दोन्ही बाजूंनी छापा, पण एका बाजूला पान एकच ठेवा. त्यासाठी ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कागद पातळ पडतो, मागचा मजकूर दिसतो. ८० चा मागून घ्या. स्वतः टंकलेल्या मराठी मजकुरासाठी १४ पॉइंट आणि डावीकडे बोटभर समास ठेवा. टिपणाला जागा होते आणि स्पायरल घातलं तरी अक्षर अडकत नाही.

दुकानात वर्डची फाइल नेऊ नका. तिथल्या संगणकावर तुमचा फाँट नसला तर जोडाक्षरं फुटतात, पाय मोडलेली अक्षरं नाहीतर नुसते चौकोन छापून येतात. घरूनच पीडीएफ करून न्या. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवताना फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि बारीक अक्षर धुरकट होतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नकाशे आणि विज्ञानाच्या आकृत्या काळ्या-पांढऱ्यात काढल्या की लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसतात. तेवढं एक पान रंगीत काढा, नाहीतर रंगांची नावं पेनाने आकृतीवर लिहा.

उतारा, करार, बँकेचं पत्र यांसाठी लेझरची छपाई घ्या. इंकजेटची शाई ओल्या हातानेही पसरते.

स्क्रीनवरच वाचायचं असेल तेव्हा

एसएसएलसी (दहावी), पीयूसी (अकरावी-बारावी) किंवा स्पर्धा परीक्षेचं साहित्य पुष्कळदा मोबाइलवरच असतं. तेव्हा असं करा. सूचना बंद करा, नुसता आवाज बंद करून उपयोग नाही, कारण वर डोकावणारी पट्टी नजर ओढतेच. शेजारी वही आणि पेन्सिल हवीच. २० मिनिटांचा गजर लावा आणि धडा लवकर संपला तरी गजर होईपर्यंत उठू नका, उरलेल्या वेळात पुन्हा पहिल्या पानावर या. प्रत्येक पान संपलं की स्क्रीन उलटी ठेवून एक ओळ लिहा: या पानात काय सांगितलं? ओळ सुचत नसेल तर पान वाचून झालेलं नाही. पिवळ्या रंगाने खुणा करत सुटणं टाळा. त्यात बोट चालतं, डोकं चालत नाही.

गजर झाला की वीस सेकंद वीस फुटांवर, म्हणजे सहा मीटर लांब, बघा. दारातून समोरच्या घराचं कौल बघितलं तरी चालतं. स्क्रीनकडे बघताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी लवतात, त्याने डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. मोबाइल चाळीस सेंटिमीटरवर धरा. चाळिशीनंतर एवढ्या अंतरावर अक्षर दिसत नसेल तर उजेड वाढवून भागणार नाही, डोळे तपासून घ्या. रात्री झोपण्याआधी मात्र कागदच बरा. २०१५ च्या एका अभ्यासात झोपण्याआधी काही तास प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागली आणि सकाळी जडपणा राहिला.

वर्तमानपत्राचं थोडं वेगळं आहे. बेळगावात १९१९ पासून निघणाऱ्या 'तरुण भारत'सारखं पत्र आता अनेक घरांत मोबाइलवरही येतं. ई-पेपरच्या पानावर बोटं फिरवत बसण्यापेक्षा बातमी मजकुराच्या रूपात उघडून वाचा. पण जमिनीच्या, वारसाच्या जाहीर नोटिसा छापील अंकातच बघा. बारीक ठशात असतात, सर्वे नंबर आणि हरकतीची मुदत त्यातच असते, आणि कात्रण काढून फाइलला लावता येतं.

लहान मुलांसाठी एवढंच: वाचायला शिकेपर्यंत कागदी पुस्तक आणि शेजारी मोठं माणूस. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आहे, ग्रामपंचायतींची 'अरिवु केंद्रं', म्हणजे गावातली वाचनालयं, आहेत, आणि कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांत पुस्तकं हाताळून निवडता येतात.

पावसाळा

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. कागद निवडला की ही जोखीमही सोबत येते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं ठासून भरू नका, मागून हवा खेळू द्या. बुरशी आली तर पुस्तक घरात झटकू नका. नाकाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशने पुसा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात पानं वाकतात आणि बांधणीचा डिंक तडकतो. भिजलेलं पुस्तक उभं ठेवून पानांत जागोजागी कोरे टिपकागद घाला आणि दर दोन तासांनी बदला. वर्तमानपत्राचा कागद घालू नका, त्याची शाई उतरते. गुळगुळीत कागदाची पानं वाळण्याआधीच सुटी करा, एकदा चिकटली की फाटल्याशिवाय निघत नाहीत.

महत्त्वाच्या कागदांची मे महिन्यातच ३०० डीपीआयवर स्कॅन करून एक प्रत मोबाइलमध्ये आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवा. मोबाइलने स्कॅन करत असाल तर कागद सपाट ठेवा, उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद करा. फाइलला 'स्कॅन ००१७' असं नाव देऊ नका. गाव, सर्वे नंबर, वर्ष असं नाव द्या. अभ्यासाच्या फाइलीही वीज असताना उतरवून ठेवा. आभाळ भरून आलं की आधी वीज जाते, मागोमाग रेंज.